धर्मशाळेचा नारळ

इंदापूर, मंगळवार

तीर्थस्वरूप संभाजीदाजी यांस कुंडलिकचा दंडवत. माळेगावात सगळे खुशाल असालच. सारजाअक्काचा गुडघा आणि तुमची ऊसतोड, दोन्ही एकदाची मार्गी लागोत. इकडे सगळे ठीक, फक्त मी ठीक नाही. डॉक्टर म्हणतात पित्त आहे. मी म्हणतो रामहरी आहे. (तोच, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा, माझा वर्गमित्र.)

बाजारपेठेतली दगडी धर्मशाळा गेली, हे अक्काने सांगितले असेलच. तुमच्या लग्नात तुमचे वऱ्हाड तिथेच उतरले होते. ती वाचावी म्हणून शाळेतून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षे मी झिजलो. कमानीवरचे दोन दगडी मोर शिडी लावून टेपने मोजले, एकवीस अर्ज केले, व्याख्यान दिले (श्रोते सहा, त्यांतले दोघे एसटीची वाट पाहणारे). या काळात रामहरीने धर्मशाळेसाठी काय केले? तिच्या भिंतीला टेकून तंबाखू मळली.

शेवटी ती पाडून गाळे काढायचे ठरले आणि धर्मशाळेचे पंच माझ्या घरी आले. मी भांडायच्या तयारीत होतो. पण त्यांनी चहा पिता पिता विषय काढला, "गुरुजी, शुक्रवारी जेसीबीची पूजा हाय. नारळ तुमच्या हातनं फुटावा, असं समद्यांचं म्हणणं हाय. तुमाला जमत नसंल तर रामहरीला इचारतो."

दाजी, 'पाडू देणार नाही' हे शब्द अगदी ओठांवर आले होते हो! पण रामहरी फेटा बांधून माझ्या धर्मशाळेपुढे नारळ फोडतोय, असे डोळ्यांपुढे आले आणि मी विचारले, "किती वाजता?"

शुक्रवारी मी जेसीबीला हळदकुंकू लावले, हार घातला आणि नारळ फोडला. एका फटक्यात फुटला, टाळ्या पडल्या. खोटे कशाला बोलू, बरे वाटले. तेवढ्यात हा रामहरी कुठूनसा धावत आला आणि जेसीबीपुढे चक्क आडवा झाला! "आदी माज्यावरनं न्या, मग तिला हात लावा," म्हणून रडायला लागला. लखन जेसीबीवाल्याने घाबरून मशीन बंद केले. सगळ्यांनी मोबाइल काढले. आता प्रत्येक व्हिडिओत पुढे रामहरी डोळे पुसतोय आणि मागे मी, फेटा बांधून, खोबरे खातोय. (प्रसाद होता. टाकून कसा देणार?)

त्याला चौघांनी उचलून बाजूला ठेवले आणि दुपारपर्यंत धर्मशाळा भुईसपाट झाली. तेव्हापासून तो 'इतिहासप्रेमी रामहरी'. बारामतीत त्याचे भाषण झाले, शाल मिळाली. भाषणात कमानीवर तीन मोर होते म्हणाला. तीन! आणि त्यावर टाळ्या! मी जळतोय म्हणा. जळतोच आहे. त्यातून जास्त जळतो ते यामुळे, की तो रडला ते खरे रडला. मी काल तिकडून जाताना सवयीने खांबाला हात लावायला गेलो, तर तिथे खांबच नव्हता.

आपला,
कुंडलिक

ता. क. मुद्द्याचे राहिलेच. मोर मी मोजले, पण फोटो कधी काढला नाही. दगडाचे आहेत, जातात कुठे, असे वाटले. तुमच्या लग्नाच्या आल्बममध्ये कमानीखाली काढलेला वऱ्हाडाचा फोटो आहे, आता मोर तेवढ्यातच उरलेत. रामहरी तो मागायला रविवारी तुमच्याकडे येणार असल्याचे कळते. आल्बम वाळवीने खाल्ला म्हणून सांगा आणि फोटो मला द्या.

ता. क. दुसरा. त्या फोटोत पंगत वाढून आलेले आम्ही दोघे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे आहोत. देण्याआधी त्याला कात्रीने कापा.

ता. क. तिसरा. कापू नका. आत्ता आठवले, एक मोर माझ्या डोक्यावर आहे आणि दुसरा त्याच्या. रविवारी तो आला की चहाला बसवून ठेवा, मी सकाळच्या एसटीने येतो. दोनच आहेत, हे त्याच्याकडून मोजून घ्यायचे आहे.