मुनियांचं पाणी

मु. मलकापूर, कराडजवळ
ता. २४ मे १९४५

चिरंजीव सिकंदर यास,

सुगराबीचे सलाम आणि पुष्कळ दुवा. तुझं पत्र पोचलं. इटलीतली लढाई संपली हे कराडहून येणाऱ्या वर्तमानपत्राने आधीच कळलं होतं, पण माझा भाऊ जिवंत आहे हे काही वर्तमानपत्र छापत नाही. त्यासाठी तुझं पत्रच यावं लागलं. मी बरी आहे. शेळी व्याली, दोन्ही बोकड झाले. उन्हाने नुसता कहर केला आहे, परसातला कडुनिंबसुद्धा मान टाकून उभा असतो.

तुझ्या पत्रात आमच्या चार ओळी आणि पाखरांचं पानभर. लोकांचे भाऊ पलटणीतून लिहितात, बायकापोरांना सांभाळा. आमचा भाऊ लिहितो, मुनियांचं पाणी बदला. वेळेवर तुझं लग्न लावून दिलं असतं तर ही पाळी आली नसती.

दर वेळी अब्बा माझ्या पत्राखाली अंगठा उठवायचे. या वेळी नाही, हे तू आधीच पाहिलं असशील. सांगते. क्रमाने सांगू दे.

पाखरं राहिली नाहीत. एकही नाही.

परसातल्या जाळीच्या खोपटात सगळं तू सांगून गेलास तसंच चाललं होतं. पाण्याचा परळ बसायच्या काठ्यांखाली ठेवायचा नाही, म्हणजे त्यात घाण पडत नाही. पाणी उथळ हवं, मधे खडा हवा. सकाळी ताजं, दुपारी परळ सावलीत सरकवून पुन्हा ताजं. रोज राखेने घासायचं. नदीचं पाणी मी त्यांच्यासाठी फडक्यातून गाळून घेत होते, आम्ही मात्र तसंच पीत होतो. थंडीच्या अखेरीला शेळी आत घुसली आणि तिने परळावर पाय दिला. मातीचाच तो, फुटला.

मी कुंभाराकडे निघाले होते. अब्बांनी अडवलं. म्हणाले, "कशाला? माझ्या सिकंदरची पाखरं मातीत का म्हनून पितील? चांदीत पितील." त्यांनी जुनी तांब्याची ताटली काढली, ठोकून जराशी खोलगट केली आणि तिला कल्हई लावली. भाता मी मारत होते, तू गेल्यापासून मीच मारते. ताटली चमकली तसे ते हसले. फार दिवसांनी हसले.

आता नीट वाच. जपान्यांनी मलाया घेतल्यापासून कथील मिळेनासं झालं हे तुला ठाऊक आहे. कुणीतरी चोरून थोडं आणून द्यायचं, ते किती पुरणार? अब्बा त्यात शिसं मिसळायला लागले. तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद होती. मी एकदा म्हटलं, अब्बा, कल्हई काळपट येते. तर म्हणाले, "समदीकडं ह्येच चाललंय. दुकान बंद ठिवू काय? सिकंदर येईल तवा त्येच्या हातात गार भट्टी देऊ?" मी भाता मारत राहिले.

मग ऊन तापलं आणि तुझं ते पत्र आलं. तुमच्या पलटणीतला लखनौचा हवालदार म्हणतो, मुनियांच्या पाण्यात लिंबाचे दोन थेंब टाका, ऊन बाधत नाही. मी टाकायला लागले.

आधी एक नर खाली उतरून बसला. पंख ढिले, घाण हिरवी, काठीवर चढता येईना. मला वाटलं पाणीच खराब. म्हणून पाणी उकळून, निववून घालू लागले. दोनदाचं तीनदा बदलू लागले, आणि दर वेळी ताजं लिंबू. जितकं मी पाणी चांगलं करत गेले तितकी पाखरं लवकर पडत गेली. शेवटची मादी माझ्या ओंजळीतच गेली. तिला चिंचेखाली पुरून आले आणि ताटली पुसायला घेतली. तळ पांढरट, खरखरीत झाला होता, जागोजागी खाल्ल्यासारखा. हलक्या कल्हईच्या भांड्यात आंबट ठेवू नये, शिसं सुटून त्यात उतरतं, हे कल्हईवाल्याच्या लेकीला कुणी शिकवावं लागतं का? पण पाखरांच्या पाण्याकडे आंबट म्हणून मी कधी बघितलंच नव्हतं.

ताटली अब्बांपुढे धरली. ते असे भडकले की मी मागे सरले. "माझ्या हातच्या भांड्यात पानी पिऊन कोन मरत न्हाई," म्हणाले. त्याच ताटलीत पाणी ओतलं, वर लिंबू पिळलं आणि माझ्यादेखत प्यायले. मला वाटलं राग आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यायले. मग रोजच.

पोटात कळा सुरू झाल्या. हिरड्यांना निळी रेघ आली. पुढे मनगटं गळाली, सांडशी धरता येईना. कराडच्या डॉक्टरांनी हिरड्या पाहून विचारलं, शिशाचं काम करता का? अब्बा म्हणाले, नाही. मी ताटली सरपणात लपवली, त्यांनी शोधून काढली. हातात धरवत नव्हती म्हणून ओट्यावर ठेवून तोंड लावून पीत होते. मी रडून हात जोडले, तेव्हा म्हणाले, "गावाला जे पाजलं, त्ये मी बी पितो." तेव्हा मला कळलं की आता हा हट्ट राहिला नाही.

सिकंदर, अब्बा गेले. गेल्या महिन्यात, शुक्रवारी, झटके येऊन. सगळं मलकापूर आलं होतं. शेजारच्या रंगुबाईच्या घरच्या माणसांनी कबरस्तानापर्यंत खांदा दिला. आदल्या दिवशी शुद्धीत असताना मला म्हणाले होते, "सुगरा, ह्ये कुनाला बोलायचं न्हाई. पोराला दुकान पायजे." मी हो म्हटलं. मरणाऱ्या बापाला आणखी काय म्हणणार?

पुढच्या आठवड्यात रंगुबाई कढी घेऊन आली. आपल्याकडे चूल नीट पेटत नसेल म्हणून. कडेवर नात, पोरगी पिवळी पडलेली, सारखी कण्हत होती. पातेलं खाली ठेवून रंगुबाई म्हणाली, "अब्बांच्या हातची शेवटची कल्हई हाय गं ह्येला. पुसून जाईल म्हून मी घासत सुदीक न्हाई, नुसती इसळती. आता रोजची आमटी, ताक, समदं ह्यातच. पोरीचं पोट लय दुकतंय, तिला बी ह्यातलंच ताक पाजती."

पोरीने पातेल्याच्या काठावर हात ठेवला होता. मी सांगून टाकलं. शिशाचं, पाखरांचं, अब्बांचं, सगळं. लिंबाचंही. तुझं नाव टाळून सांगितलं असतं तर आणखी एक लपवाछपवी झाली असती.

रंगुबाईने कढी अंगणात ओतली, पातेलं तिथेच टाकलं आणि पोरीला घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून भांडी यायला लागली. हंडे, पातेली, लग्नातली परात. दारात टाकतात आणि निघून जातात. अब्बांच्या कबरीवर कुणी थुंकून आलं असं कानावर आलं, मी बघायला गेले नाही. नात अजून अंथरुणावर आहे. रोज भिंतीपलीकडे कान लावते. कण्हणं ऐकू आलं की जिवंत आहे एवढं कळतं. विचारायला गेले तर दार लावून घेतात.

तू लिहिलंस, सुटून आलो की भट्टी पेटवतो. पेटव. पण या गावात तुझ्याकडे कुणी पळीसुद्धा आणून देणार नाही. अब्बांनी ज्या दुकानासाठी जीव दिला ते मी एका दुपारी संपवलं. त्यांना दिलेला शब्द मोडल्याचं दुःख मला आहे, दिवसभर आहे. तरी ती पोरगी पुन्हा समोर आली तर पुन्हा मोडीन. हे तू घरी येऊन दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून वाचावंस, म्हणून लिहिलं.

लिंबाचं मनाला लावून घेऊ नकोस. मी लावून घेतलं आहे, तेवढं पुरे.

तू मला अजून बहीण म्हणणार असशील तर पत्ता हाच आहे.

सुगराबी