लेडीबाईंचा कोंडा

१२ एप्रिल, शनि.
सकाळी निखिलचा पुण्याहून फोन. माझ्यासाठी खोली रंगवून झाली. "रंग कुठला ते तू सांगितलंच नाहीस आई, मग आम्ही पिस्ता दिला." म्हटलं, बरा असेल. जूनमध्ये स्वतः न्यायला येतो म्हणाला. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ते त्याने हो धरलं.
हे जाऊन सात महिने झाले.
दहाला टीव्ही लावला. लेडीबाईंचा लोणच्यांचा कार्यक्रम. आज मुळा मुरवला. खालच्या पट्टीतली अक्षरं वहीत उतरवली, नवीन बारा. हे जपानी शिकले प्रयोगशाळेत. मी इथे जपानातच, ग्योतोकुच्या ह्या हॉलमध्ये, लेडीबाईंच्या पट्टीवरून. सव्वीस वर्षांत एवढंच शिक्षण.

१९ एप्रिल
लेडीबाईंचा कार्यक्रम संपतोय. त्यामुळे असेल, आज पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलल्या. इंग्रज उमरावाची मुलगी हे ठाऊक होतं, म्हणून तर मी लेडीबाई म्हणते, खरं नाव हॅरिएट. घर चाळीस खोल्यांचं, आणि मुलांना स्वयंपाकघरात जायची बंदी. "मोठी होईपर्यंत कच्चं अंडं पाहिलं नव्हतं." एकविसाव्या वर्षी इथे आल्या, डोंगरातल्या गावात सुताराशी लग्न केलं. वडिलांनी पत्रं बंद केली. सासूने पहिल्याच दिवशी मनगट धरून हात तांदळाच्या कोंड्याच्या पिंपात घातला, भाज्या मुरवायच्या पिंपात. टीव्हीवाले खरं तर सासूवर कार्यक्रम करायला आले होते. सासू कॅमेऱ्यापुढे तोंड उघडेना. सून बोलली, ती बोलतेच आहे.
नवरा चार वर्षांपूर्वी गेला. हे मला माहीत नव्हतं. दर शनिवारी बघते, आणि माहीत नव्हतं.
शेवटी पट्टी आली: ३ मे, कोतोच्या वाचनालयात प्रेक्षकांशी भेट. तारीख दोनदा वाचली.

३ मे
गेले. एकटी, तोझाई लाइनने. प्रश्न गाडीतच पाठ करत होते. शेजारची मुलगी सरकून बसली.
बाई टीव्हीवर दिसतात त्याहून बुटक्या. पायात गावातले रबरी बूट. मी हात वर केला. पाठ केलेलं निम्मं विसरले. एवढंच विचारलं, "यजमान गेल्यावर माहेरून बोलावणं नाही आलं?"
हसल्या. "आलं ना. भावाने बागेतलं घर दुरुस्त करून ठेवलं, पडदेसुद्धा लावले. मी दोन महिने राहून आले. सगळे फार चांगले वागले. पण तिथे माझा नवरा कुणाला माहीतच नव्हता. इथे मासेवाला अजून विचारतो, तुमचा नवरा माझं दार अर्धवट सोडून गेला, आता कोण बसवणार?"
सगळे हसले. मला हसता आलं नाही.
निघताना प्रत्येकाला विरजणाएवढा कोंडा दिला, त्यांच्या सासूच्या पिंपातला. म्हणाल्या, ज्याचा हात रोज लागेल त्याची चव येईल.

४ मे
नवा कोंडा, मीठ, पाणी घालून विरजण लावलं. ह्यांच्या आईची चिनी मातीची बरणी काढली. धुतली, उन्हात वाळवली. दोन गाजरं पुरली, वर मिठाचा थर, दादरा बांधला, माळ्यावर ठेवली. कोंड्यासोबत दिलेल्या कागदावर लिहिलंय, रोज हाताने ढवळा. लोणच्यात कुणी हात घालतं का! टीव्हीवर बाई घालतात ते कॅमेऱ्यासाठी, असंच मी धरून चाललेय.

१३ मे
दादरा सोडला. वास असा की खिडक्या उघडल्या. वर पांढरी बुरशी. रडू आलं. ह्यांच्या वेळी आलं नव्हतं एवढं.
वासावरून खालच्या मजल्यावरच्या कोबायाशी-सान वर आल्या. वय ब्याऐंशी, जिना धरून. आत डोकावल्या. "हे काय, बांधून ठेवलंत? श्वास कोंडला त्याचा!" वरचा थर खरवडला, नवा कोंडा घातला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "हात."
"चमच्याने नाही चालणार?"
"हात, ओकु-सान." ओकु-सान म्हणजे वहिनी.
घातला. कोपरापर्यंत. गार, ओलं, खाली थोडं कोमट.
जाताना म्हणाल्या, "नवरा-बायको सारखेच. जोगु-सान पहिलं वर्षभर काचेच्या बाटल्या जाळायच्या कचऱ्यात टाकायचे. रोज मीच त्यांना जिन्यात गाठून परत द्यायची. रोज वाकून माफी, दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली."
जोगळेकर इथे कुणाला म्हणता येत नाही, सगळे जोगु-सानच म्हणत. बाटल्यांचं मला कधी सांगितलं नाही ह्यांनी. सात-आठ महिन्यांनी ह्यांच्याबद्दल काही नवीन कळलं.
पुण्यात जोगु-सान कोण?

१९ मे
वास गेला. आता आंबूस, चांगला. रोज सकाळी चहाआधी हात.

२४ मे
निखिलला फोनवर लेडीबाईंचं, कोंड्याचं सगळं सांगितलं, आणि मी येत नाही हेही.
"एका कोंड्यासाठी?"
"कोंड्यासाठी नाही."
"आई, ती लॉर्डची मुलगी आहे. तिला परवडतं एकटं राहणं."
"तिचाही कोंडा बुरसतो."
"काय?"
"काही नाही. तू ये. आलास की बोलू."
"पडलीस तर कोण आहे तिथे?"
"कुणी नाही," म्हटलं. खोटं बोलले नाही. त्याचा आवाज शेवटी ह्यांच्यासारखा झाला, रागावून मऊ. तोही बाप गमावून बसलाय, हे मी विसरते.

३० मे
कोबायाशी-सानना विचारलं, जावंच लागलं तर ढवळाल? "ढवळीन की. पण मग चव माझी होईल." मग, "मी रोज आठला तुमचा पडदा बघते. उघडला की चहा ठेवते. जोगु-सान गेल्यापासून." मला पत्ता नव्हता.
निखिलच्या प्रश्नाला हे उत्तर पुरेसं नाही. ब्याऐंशीची बाई आणि एक पडदा. पण काहीच नाही असंही नाही.

५ जून
निखिल उद्या सकाळी नारिताला उतरतो. येताना दोन तिकिटं आणतोय, परतीची. मी नको म्हटलं होतं.
आत्ता संध्याकाळी चार काकड्या मीठ चोळून पुरल्या. उद्या जेवणाला बरोबर होतील. आधी वाढीन, मग बोलेन. काय बोलायचं ते वहीत लिहिलं होतं, पान फाडलं. पाठ केलेलं मी विसरतेच. बाटल्यांची गोष्ट मात्र सांगेन, त्यालाही माहीत नसणार.
तो तिकीट पुढे करील. हट्टी आहे, कुणाचा आहे ते माहीत आहे.
हात दोनदा धुतला. वास गेला नाही.