कंगवा डोक्यापर्यंत पोहोचला

महागाव, मंगळवार, संध्याकाळ

माझ्यावर झालेल्या घोर अन्यायाची नोंद कुठेतरी व्हायला हवी: पंधरवडाभर मला स्वतःचा भांग पाडता आला नाही. हात कानाच्या वर जाईनात. कंगवा बायकोच्या, मंदाच्या हाती गेला. "या पहिलवान, बसा," म्हणायची.

खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला पलंगावरून मीच उठवतो. त्यासाठीच तर जिम लावली. सकाळी हात गळेपर्यंत जड वजनं उचलायची, आणि संध्याकाळी तिला उठवताना तेच हात लटलट कापायचे. ही कसली बलोपासना?

शेवटी मागच्या आठवड्यात जिमवाल्या रफिकने हटकलं. "सर, तुम्ही ताकद नाही, थकवा कमवून राह्यले. वजन निम्मं करा, झटक्यात वर न्या, अन् थकाच्या आधी थांबा."

थांबणं हाही व्यायाम! आणि आज? कंगवा थेट डोक्यावर! मंदा एका दमात उभी!

"आज मले पोत्यावानी नाही उचललं तुम्ही," ती म्हणाली. हरखून मी पुन्हा एकदा भांग पाडला.

तरी खरं लिहितो. एखाद्या संध्याकाळी ती निर्धास्तपणे सगळा भार माझ्यावर टाकेल, आणि माझे हात पुरणार नाहीत. मला याची फार भीती वाटते.