पाचव्या नंबरची गाडी

बॉबलिंगेन, जर्मनी
२९ एप्रिल

प्रिय विलास यास,

अर्जुनचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तू ते एवढ्यात खरं धरू नकोस. तुझ्या कानाचं मशीन दुरुस्त होऊन आलं का? आलं असलं तरी मी फोन करणार नाही. या घराच्या भिंती इतक्या पातळ आहेत की मी खोकलो तर खालच्या मजल्यावरची बाई दुसऱ्या दिवशी जिन्यात विपुलकडे माझ्या तब्येतीची चौकशी करते. मला हळू बोलता येत नाही आणि तुला हळू ऐकू येत नाही, त्यापेक्षा कागद बरा. वहिनींचा गुडघा कसा आहे? यंदा जयंतीच्या मिरवणुकीत नाचलास की नुसता दुकानाच्या पायरीवर बसून हात हलवलास, तेही कळव. इथे चौदा एप्रिलला मंगळवार होता, सुट्टी नाही. विपुल ऑफिसातून आल्यावर बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, वंदना म्हटली, तीही कुजबुजत. नात अन्वी (सहा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते) 'जयभीम' मात्र एवढ्या जोरात म्हणाली की उत्कर्षा सूनबाईने उठून खिडकी लावली. मला बरं वाटलं. या महिन्यात मला बरं वाटलं ते तेवढ्यापुरतंच.

आता मूळ हकीकत. माझी आणि अंजनाची तिकिटं जानेवारीतच काढली होती, नातीला भेटायला म्हणून. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी तुझ्या दुकानात बसलेलो असताना विपुलचा फोन आला, आठवतं? बाबा, छोटी हॅचबॅक घ्यायची आहे, पाच गाड्या बघून ठेवल्या आहेत, पण तुम्ही आल्याशिवाय ठरवणार नाही. मी तो फोन स्पीकरवर टाकून तुला मुद्दाम ऐकवला होता (मशीन नव्हतं, म्हणून तू नुसती मान हलवलीस). विलास, एसटीत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा हेड मेकॅनिक म्हणून. माझी सही झाल्याशिवाय गाडी डेपोच्या फाटकाबाहेर पडत नव्हती. आणि निवृत्त झाल्यावर सात वर्षांत कुणी मला साधा पाना कुठल्या नंबरचा लावू, एवढंसुद्धा विचारलं नाही. आता गाड्यांच्या गावात राहणारा, गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारा माझा मुलगा मला विचारतो म्हटल्यावर मी फुगलो. कबूल करतो. दोनशे पानी वही घेतली, टायरमध्ये हवा मोजायचं मीटर घेतलं, आणि चष्म्याचा नंबर बदलून घेतला. अंजना हे सगळं बघत होती आणि काही बोलत नव्हती. तिचं गप्प बसणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

इथे आल्यावर दर शनिवारी (रविवारी शोरूमसुद्धा बंद) आम्ही बापलेक बसने जाऊन एक-दोन गाड्या बघायला लागलो. कंपन्यांची नावं लिहीत नाही. विपुलची रोजीरोटी त्यांच्यावरच आहे. वहीत मी एक ते पाच नंबर टाकले आहेत, तेच चालवून घे. पहिल्या नंबरच्या गाडीखाली मी पाठीवर झोपलो. यात काय चुकलं? गाडी खालून कळते, वरून सगळ्याच देखण्या. पण तिथल्या पोराला वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. त्याने पाणी आणलं, खुर्ची आणली, आणखी दोन माणसं आणली, आणि मी सायलेन्सरचा जोड बघतोय हे त्यांना समजावता समजावता विपुलचे कान लाल झाले. दुसरीला डिकीत पिशवी अडकवायला झकास दोन हूक, पण मागच्या काचा अर्ध्यावर येऊन अडतात. तिसरीच्या सीट एवढ्या खोल की उठताना माझ्या कमरेने मला शिव्या दिल्या. चौथीचा टायमिंग बेल्ट इंजिनच्या तेलात भिजत फिरतो. तेलात भिजलेलं रबर आठ-दहा वर्षांनी काय रंग दाखवतं हे मी वेगळं सांगायला नको, तुझं दुकानच त्यावर चाललं आहे.

आणि पाचवी! हिला स्टेपनी नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात पंक्चर बुजवायच्या फेसाची एक बाटली आणि हवेचा एवढासा पंप. (टायर फाटलाच तर ही बाटली कुठे ओतायची, असं मी विचारायला लावलं. विक्रेता म्हणाला, मग फोन करायचा.) डिपस्टिक नाही, तेल किती आहे ते पडद्यावर वाचायचं. हीटर कमी-जास्त करायचा तोही पडद्यातून, म्हणजे पाय गार पडले की आधी चष्मा शोधा. समोरच्या कप्प्यात दिवा नाही. मी वहीत तिच्यापुढे लिहिलं, 'नवी असताना बरी. सहा वर्षांनंतर रोज एक दुखणं. घेऊ नये.' आणि खाली रेघ मारली. उलट पहिल्या नंबरला स्टेपनी होती, डिपस्टिक होती, बटणं बोटाला लागत होती. दिसायला पत्र्याचा डबा, पण पंधरा वर्षं कुरकुर करणार नाही असा. विपुल हे सगळं मन लावून ऐकायचा. गेनाऊ, बाबा, गेनाऊ, असं म्हणायचा ('अगदी बरोबर' असा त्याचा अर्थ, इथे लोक दर दुसऱ्या वाक्याला ते म्हणतात). वाटायचं, पोरगं अजून बापाचं ऐकतं.

मागच्या बुधवारी मी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट आणायला तळघरात गेलो. इथे प्रत्येक बिऱ्हाडाला खाली जाळीची एक छोटी खोली असते. सुनेने मला काही सांगितलं नव्हतं. मीच काम शोधत होतो. क्रेटच्या मागे आपली सोलापुरी चादर दिसली, अंजनाने तीन वर्षांपूर्वी पाठवलेली. चादर उचलली तर खाली एकावर एक रचलेली चार चाकं. कोरी, थंडीतल्या टायरची. (इथे हिवाळ्यात वेगळी चाकं लावतात, उन्हाळ्यात वेगळी.) ज्याच्याकडे गाडीच नाही त्याच्याकडे चाकं कशी? मी वाकून वाचलं: १९५/५५, सोळा इंची, चार बोल्ट. पाच गाड्यांमध्ये हे माप एकाच गाडीला बसतं. मला वही बघायची गरज नव्हती, तरी वर गेलो, बघितली, परत खाली आलो. पाचवी. चाकांवर पिशवीत पावती चिकटवलेली होती. जर्मन येत नसलं तरी तारीख वाचता येते. अकरा फेब्रुवारी. मी या देशात उतरलो सव्वीस मार्चला.

विलास, मी तिथे क्रेटवर बसून राहिलो. लहान मुलाला मांडीवर घेऊन त्याच्या हातात स्टिअरिंग देतात ना, आणि ते बिचारं तोंडाने गुर्र गुर्र करत राहतं, तसा मी चार शनिवार गाडी चालवत होतो.

वर येऊन अंजनाला गाठलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अहो, पोराने जानेवारीतच ठरवली होती. तीन वर्षं वापरायची आणि परत करायची, भाड्याच्या घरासारखी. सांगितलं असतं तर तुमचा उगाच हिरमोड झाला असता." ही युक्ती कुणाची, असं विचारल्यावर तिने उशीच्या एकाच अभ्र्याची दोनदा घडी घातली. तिचीच. हा माणूस तीन महिने रिकामा बसला तर घरातले नळ खोलून ठेवील, त्याला काहीतरी काम द्या, असं तिने सुनेला कळवलं होतं. (मागच्या खेपेला मी फक्त एक नळ खोलला होता. तोही गळत होता.) तीन वर्षं! पंधराव्या वर्षी कुठला जोड गंजेल याचा मी हिशेब मांडत बसलो, आणि त्यांना ती गाडी म्हातारी होईपर्यंत ठेवायचीच नव्हती. वरातीमागून घोडं म्हणतात ते मी, आणि वर घोड्याचे दात मोजणारा.

आता पंचाईत बघ. रविवारी जेवताना मला निकाल सांगायचा होता. पहिला नंबर म्हणालो असतो तर विपुलला सगळ्यांसमोर खरं सांगावं लागलं असतं, नाहीतर आणखी एक खोटं रचावं लागलं असतं. पाचवा म्हणालो तर माझी सही खोटी. तुला ठाऊक आहे, सभेला गाडी हवी म्हणून माणसं डेपोत येऊन बसली होती आणि ब्रेक गळत होता, तेव्हा मी सही केली नाही. त्यापायी बदली झाली, पण सही केली नाही. रविवारी मटणाचा रस्सा होता (म्हणजे अंजनाच्या पोटातही भीती होती). मी वही टेबलावर ठेवली आणि म्हणालो, पाचवी घ्या. आटोपशीर आहे, पार्किंगला सोपी आहे, पोरीला मागे ऐसपैस आहे. विपुलचा घास हातात थांबला. मग म्हणाला, "गेनाऊ, बाबा! माझ्याही मनात तीच होती." उत्कर्षाने मी न मागता रस्सा वाढला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणायला कधी जायचं?" आणि तो चावता चावता म्हणाला, "बारा तारखेला, मंगळवारी." ज्या गाडीला शोरूमवाल्यांनी पाच महिने लागतील म्हणून सांगितलं होतं, ती दुपारी एकला पसंत पडली आणि सोळा दिवसांत येते आहे! टेबलावर कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. मीही हाड चोखत राहिलो.

विपुलचा राग नाही असं लिहिणार होतो, पण आहे. खोटं बोलला म्हणून एवढा नाही. माझं प्रत्येक म्हणणं एवढ्या प्रेमाने ऐकून घेतलं, त्याचा आहे. भांडला असता तर मी माणसात जमा झालो असतो. असो. सर्वांना जयभीम सांग, वहिनींना जिने चढू देऊ नकोस.

तुझा,
अर्जुन
(निवृत्त हेड मेकॅनिक, सही आता कुणालाही मिळेल)

ता. क. माझी गाडी आठवड्यातून एकदा चालू करून ठेवतोस ना? गिऱ्हाईक बघ म्हणालो होतो, ते आता राहू दे. तेवीस वर्षांची असली तरी तिला डिपस्टिक आहे.

ता. क. २. वर लिहिलं त्यावरून विपुलला वाईट ठरवू नकोस. बारा तारखेला त्याने रजा टाकली आहे, आणि किल्ली बाबांच्या हातात द्या असं शोरूममध्ये सांगून ठेवलं आहे. हेही मला चोरूनच कळलं.

ता. क. ३. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. तीच माझी जुनी गाडी घेतली तेव्हा, २००३ साली, आपण दोघांनी तात्यांना तीन शोरूम फिरवली होती. बुकिंगची पावती आठ दिवसांपासून माझ्या खिशात होती, आणि बुकिंगला तूच बरोबर होतास. पण वडिलांना विचारलं नाही असं नको, म्हणून नेलं. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, प्रत्येक बॉनेटवर बोटं वाजवून बघत होता, टायर दाबत होता. शेवटी त्यांनी नेमकी बुक केलेली गाडीच पसंत केली, आणि म्हाताऱ्याची नजर अजून तयार आहे म्हणून आपण त्यांच्या पाठीमागे हसलो. बसमधून परत येताना त्यांनी एवढंच विचारलं होतं, "आणायला कधी जायचं?" मी शेंगा खात होतो. म्हणालो, गुरुवारी.

तात्यांना जाऊन बारा वर्षं झाली, त्यांना आता विचारता येत नाही. शेवटपर्यंत ते रोज संध्याकाळी तुझ्या दुकानात बसायचे. तुझ्याजवळ कधी काही बोलले का? जे बोलले असतील ते लिही. फक्त त्यांना काही कळलं नव्हतं, असं लिहू नकोस.