निळ्या फुलांची हंडी

३ मार्च

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

घर एकदाचं लागलं. बाबांच्या बंद दुकानातले जुने दिवे आणून टांगले आणि बैठकीचं रूपच पालटलं. जिन्यात पितळी कंदील, भिंतींवर चिमणीचे दिवे, मधोमध आईने निळी फुलं रंगवलेली काचेची हंडी. येणारा-जाणारा मान वर करूनच बसतो. मी सांगते, सासरच्या पणजोबांचे आहेत. दिवे दुरुस्त करणाऱ्याची मुलगी म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावरचं कौतुक उतरतं, तुला काय सांगायचं.

वीस तारखेला मासिकवाले घराचे फोटो काढायला येताहेत. दिव्यांना एकदा हात लावायचा म्हणून बाबा हटून बसलेत, असं तू लिहिलंस. काहीतरी सांगून थोपव त्यांना. दिसत नाही, चाचपडत फिरतील, त्यात तो मळका कोट. माझ्या या घराला ते शोभत नाहीत, स्पष्टच लिहिते. हंडीवरची फुलं मात्र धुराने काळवंडलीत. ती कशाने साफ करायची, एवढं त्यांना विचार.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबा शेजारीच बसले होते. येण्याचा हट्ट त्यांनी सोडलाय, तू निर्धास्त राहा. हंडीचं विचारलं. म्हणाले, कोमट पाण्यात साबण घालून दिवसभर बुडवून ठेव, मग फडक्याने पूस. मला नवल वाटलं म्हणून पुन्हा विचारलं, तरी तेच.

आम्ही मजेत. माझ्या शिवणाची बटणं बाबा बोटांनी चाचपून वेगळी करून देतात. एक चुकत नाही की एक सांडत नाही.

भावोजींना नमस्कार. आहे तो जिव्हाळा राहू दे.
तुझी,
छकुली

१४ मार्च

चि. छकुलीस,

काय लिहून पाठवलंस हे? पाणी निळं झालं आणि हंडी कोरी. एक पाकळीसुद्धा उरली नाही. मी पोटात असताना आईने ती रंगवली होती. आईचं म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं. सकाळपासून रडतेय.

बाबा असं सांगणार नाहीत. तूच उलटं लिहिलंस. लहानपणापासून माझ्यावर जळतेस. तसाच रंग पुन्हा देता येईल का, बाबांना विचारून ताबडतोब कळव.

ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचे डोळे गेल्यापासून तुझं प्रत्येक पत्र मी त्यांना मायन्यापासून सहीपर्यंत वाचून दाखवते. तू ते विसरलीस. ‘शोभत नाहीत’ पाशी माझी जीभ अडखळली, तर म्हणाले, “वाच पुढे.”

तो रंग भट्टीत भाजलेला नव्हता. बाबा दरवर्षी कोरड्या कुंचल्याने धूळ झटकायचे आणि हंडीजवळ पाण्याचा पेला नेला तरी ओरडायचे. तू कधी दुकानाची पायरी चढली असतीस तर तुलाही ठाऊक असतं. म्हणून तर मी दोनदा विचारलं. म्हटलं, बाबा, आईची फुलं आहेत ती. म्हणाले, “तिची आहेत म्हणूनच. पाण्यात बुडव म्हणावं.” खरं काय ते मी तुला लिहू शकले असते. नाही लिहिलं, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

पुन्हा रंगवायचंही विचारलं. बराच वेळ बटणं निवडत राहिले. मग म्हणाले, “नको. आता शोभेल ती तिच्या घराला.”

आजवर केलास तेवढा लोभ पुरे.
छकुली