बाबांच्या मशीनवरची साफसफाई

८ मे, सोमवार. सिहोरा

काय झालं, क्रमाने:
१. काल सुट्टीवर घरी आले. बाबांचा कॉम्प्युटर हळू वाटला.
२. न विचारता लिनक्सची नवी आवृत्ती टाकली. मग साफसफाईची कमांड. ‘या लायब्ररी आता कोणालाच लागत नाहीत, काढू?’ लायब्ररी म्हणजे सॉफ्टवेअर चालायला लागणाऱ्या फाइली. मी हो म्हटलं.
३. आज बाबांचं नकाशे काढायचं सॉफ्टवेअर उघडेना. टर्मिनलवर एकच ओळ: शेअर्ड लायब्ररी सापडत नाही.
४. विहाराच्या वाचनखोलीचा नकाशा त्यातच. रविवारी कमिटीपुढे ठेवायचा आहे. छापलेली प्रत नाही.
५. चूक माझी.

बाबांनी फॅक्टरीत तीस वर्षं दुसऱ्यांसाठी नकाशे काढले. चार महिन्यांपूर्वी निवृत्त. हा त्यांचा पहिला स्वतःचा. रागावले नाहीत, चहा संपवून बाहेर गेले. आई म्हणाली, “तुया बापाले फॅक्टरीनं रिटायर केलं. मशीनले तू केलंस.”

९ मे, मंगळवार

सॉफ्टवेअरला कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी ldd कमांड चालवली. लांब यादी, दोन नावांपुढे ‘not found’. कारण कळलं: सॉफ्टवेअर बाबांनी जुन्या सीडीवरून टाकलेलं, सिस्टिमच्या नोंदीत नाही. म्हणून सिस्टिमच्या मते या लायब्ररी कोणाच्याच नव्हत्या.

हे बाबांना समजावलं. त्यांनी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड उतरवला होता, पुसत होते.

“कोनाले काय लागते, हे मशीनले काय ठाऊक? मले इचारलं असतंस त सांगतलं असतं.”



१० मे, बुधवार

एक लायब्ररी नेटवरच्या जुन्या पॅकेजात मिळाली. दुसरीची फक्त नवी आवृत्ती. नव्या फाइलला जुनं नाव लावून दिलं. करू नये, हे पक्कं माहीत आहे. कॉलेजात दुसऱ्यांना यावरूनच सुनावलं आहे.

सॉफ्टवेअर उघडलं. आई खूश. पाच मिनिटांनी सगळी मापं एकावर एक, आणि प्रिंट दाबताच बंद. खोटं नाव काढून टाकलं. आईला सांगितलं नाही, ती शेजारी सांगून आली होती.

बाबा टेप घेऊन विहारात. पुन्हा मापं घेतायत.

११ मे, गुरुवार

जवाहरनगरच्या सहारेकाकांकडे गेले. बाबांच्याच सेक्शनचे, अजून नोकरीत. त्यांच्याकडे हेच सॉफ्टवेअर, आणि मशीन कधीच अपडेट केलेलं नाही. दोन बस, एक ऑटो. काकांनी पेन ड्राइव्हवर फाइल दिली, वर पोहे. “मी आळशी आहो म्हनून तुयं काम झालं, बेटा. बापाले सांगजो.”

संध्याकाळी: ती फाइल सॉफ्टवेअरच्याच फोल्डरात ठेवली. चालू करताना आधी तिथेच बघ, असं सांगणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. बाकी सिस्टिमला धक्का नाही. ldd: एकही ‘not found’ नाही. मापं जागच्या जागी. प्रिंट निघाली.

बाबांनी कागद उजेडात धरला. मी शाबासकीची वाट बघत होते.

“चुकला हाये. दारात तीन पायऱ्या. आत्या चढन कशी?”

आत्याची चाकाची खुर्ची. दोन महिने कॉम्प्युटरवर नकाशा काढताना त्यांना सुचलं नव्हतं, काल टेप धरून दारात उभे राहिल्यावर सुचलं. बोर्डावर हाताने काढलेल्या नकाशात पायऱ्यांऐवजी उतार आहे. अक्षर माझ्या प्रिंटपेक्षा चांगलं.

१४ मे, रविवार

कमिटी. हाताचा नकाशा एकमताने पास. एक जण म्हणाले, कॉम्प्युटर बिघडला तेच बरं झालं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. हसले, आठवड्यात पहिल्यांदा. आत्या म्हणाली, “आता रोज येतो मी वाचाले. पंखा तेवढा लावजा.”

१५ मे, सोमवार

गवंड्याला दोन प्रती हव्यात. म्हणजे उतार कॉम्प्युटरवरही काढावा लागेल. बाबा बोर्डावरच आहेत. मशीनकडे फिरकले नाहीत. नको आहे की माझा राग आहे, कळत नाही. तोंडी विचारणं जमत नाही मला. बोर्डाला चिठ्ठी टाचली:

“बाबा, मशीन म्हणतं की अजून अकरा गोष्टी कोणालाच लागत नाहीत. यादी खाली आहे. तुम्हाला लागतात त्यांच्यापुढे खूण करा. मशीनच नको असेल तर तेही लिहा. शनिवारी माझी गाडी आहे. शुक्रवारपर्यंत उत्तर द्या. तोवर कशालाही हात लावत नाही.”