निवृत्तीनंतरचा सोमवार

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष वाकता येत नाही, कागदाचे गठ्ठे उचलून पाठ धरली आहे). तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी तुम्हाला जिना बंद केल्याचे आईकडून कळले. इकडे सर्वांचे क्षेम आहे. सर्वांत मी नाही.

तुमचे बालमित्र, म्हणजे आमचे साहेब, यांची प्रकृती उत्तम आहे. इतकी उत्तम असण्याची गरज नव्हती. मला त्यांच्या हाताखाली तुम्हीच चिकटवलेत, आणि ‘ही खुर्ची एक दिवस तुझीच’ असेही तुम्हीच म्हणालात. तो एक दिवस या महिनाअखेरीस यायचा होता. साहेब निवृत्त होणार, मी बसणार, वरून तसे तोंडी ठरले होते. मध्ये प्रिंटर आला.

साहेबांची पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. पडद्यावर दिसते ते त्यांच्या लेखी हवेतले. ईमेल आला की मी तो छापायचा, त्यांनी त्यावर पेन्सिलीने उत्तर लिहायचे, मी ते टाइप करून पुन्हा छापायचे, त्यांनी एक स्वल्पविराम हलवायचा, आणि मग ते पाठवायचे. (याला आमच्याकडे ‘तातडीने कळवणे’ म्हणतात.) गेल्या आठवड्यात संगणकवाल्याने सांगितले की ईमेलचा जुना प्रोग्राम काढून नवा बसवणार, काही जाणार नाही, काळजी नको. काळजी नको म्हटल्यावर साहेब घाबरले. ‘भाचेबुवा,’ (ऑफिसात माझे हेच नाव आहे; कृपा तुमची) ‘ईमेल, कॅलेंडर, पत्ते, सगळं कागदावर घ्या. एक ओळ राहता कामा नये.’

ईमेलपासून सुरुवात केली. प्रत्येक उत्तराच्या पोटात आधीची सगळी पत्रे असतात, हे मला माहीत होते. कागदावर ते वजनाने कळले. वर ‘ठीक’ एवढाच शब्द, खाली अख्खे भांडण. पुढच्या ‘ठीक’खाली तेच भांडण पहिल्यापासून. साहेबांनी प्रत्येक ‘ठीक’ वेगळा टाचून घेतला. मग पत्ते. नुसती फोनची यादी हवी की माणशी एक कार्ड, असे प्रोग्राम विचारतो. साहेबांना कार्डे हवी होती. त्यांत वारलेली माणसेही निघाली, फॅक्स नंबर शाबूत. ‘राहू द्या,’ साहेब म्हणाले, ‘उपयोगी माणूस होता.’

कॅलेंडर छापताना मात्र माझा हात घसरला. महिन्याला एक पान निवडायचे, तिथे दिवसाला एक निवडले गेले. आणि ‘पर्यंत’च्या चौकटीत वर्ष चुकले, बरेच चुकले. त्यात सोमवारची बैठक साहेबांनी कधीकाळी ‘दर आठवड्याला, शेवट नाही’ अशी नोंदवून घेतलेली. प्रोग्राम आज्ञाधारक. रिकामा दिवस, रिकामे पान; सोमवार आला की बैठक. हिशेबवाल्या बाईंच्या कपाटातला कागद संपला तेव्हा प्रिंटर थांबला. बाई थांबल्या नाहीत. ‘तुमच्या साहेबांनी अमरपट्टा आणलाय का हो?’

गठ्ठा टाकायला निघालो, तर साहेबांनी दारात अडवला. बसून वाचला. आपल्या निवृत्तीच्या दिवसापाशी थांबले, चष्मा पुसला, पान उलटले. पुढच्या सोमवारी बैठक होती. अध्यक्षस्थानी स्वतः. त्याच्या पुढच्या सोमवारीही.

‘मला कुणी बोललं नाही,’ ते म्हणाले.

‘साहेब, ते आपोआप येतं.’

‘वर कुणी ठरवल्याशिवाय आपोआप छापलं जातं होय?’

आणि पुन्हा पुसले. या वेळी चष्मा नव्हे.

गठ्ठा घेऊन ते डायरेक्टरांकडे गेले. डायरेक्टर कामाचे माणूस, वाचत नाहीत. त्यांनी जाडी पाहिली. एवढे चुकून कोण छापेल? म्हणजे आपणच कधीतरी हो म्हटले असणार. शुक्रवारी मुदतवाढीवर सही आहे. खुर्चीला नवे कव्हर आले आहे. मी त्यावर अजून बसलो नाही; साहेब उठले नाहीत.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
भाचेबुवा

ता. क. शुक्रवारच्या आत साहेबांना एक ईमेल टाका. निवृत्तीनंतर दोघांनी गळ घेऊन तळ्यावर बसायचे ठरले होते ना? किती वाट पाहता आहात ते लिहा. गुडघा फार दिवस काढणार नाही, असेही येऊ द्या. एका पानात बसेल इतकेच. छापून समोर ठेवायचे माझ्याकडे लागले.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करण्याआधी गठ्ठ्याचा तळ पाहिला. बैठकीची टिपणे मी घेतो, म्हणून प्रत्येक सोमवारी माझेही नाव आहे. मी निवृत्त झाल्यानंतरच्या सोमवारीही आहे. (अध्यक्ष तिथेही साहेबच.) ते पान काढून खणात ठेवले आहे, कुलूप लावून. आपोआप येते ते, मला कळते. पण मामा, छापलेले आहे.